मशीनखाली तेलाचा डाग दिसला तर

  हरिहरेश्वरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय आहे गवत काढायच्या मशीनचा. त्यातही एकच गोष्ट घेणार आहोत: इंजिनातून तेल गळतंय, तर करायचं काय? कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तरी बिघडत नाही, शेवटी सगळं थोडक्यात पुन्हा सांगू.

हा विषय आत्ताच घेतोय, कारण पाऊस तोंडावर आहे. दिवाळीनंतर पडवीत, नाहीतर माळ्यावर ठेवलेली मशीनं आता खाली निघतील. आणि बऱ्याच जणींना मशीनच्या खाली एक काळा डाग दिसेल. हा डाग बघून दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतात, "थोडं गळतंय, चालायचंच." दुसरे म्हणतात, "इंजिन गेलं, आता हजारोंचा खर्च." आमचा अनुभव असा, की दोन्ही बोलणी घाईची. डाग कुठून आला हे आधी शोधायचं. ते शोधायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

आपल्याकडे हे मशीन आता चैनीचं राहिलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचं नवं झाड फळाला यायला वर्षं लागतात. तोवर सावली नाही. आणि सावली गेली की जमिनीवर ऊन पोचतं, गवत माजतं. घरातली कर्ती माणसं मुंबईला, मजूर मिळत नाहीत. म्हणून ठिकठिकाणी गटांनी कर्ज काढून ग्रास कटर घेतले. काही जणी गेस्ट हाऊसच्या, रिसॉर्टच्या हिरवळीचं काम घेतात, त्यांच्याकडे चाकांचा लॉन मोव्हर असतो. श्रावणात मशीन आठ दिवस बंद पडलं तर गणपतीआधीचं सगळं काम हातचं जातं. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

आता हे नीट ऐका. खांद्यावर घ्यायच्या ३५ सीसीच्या फोर स्ट्रोक इंजिनात तेल किती मावतं? साधारण १०० मिलिलिटर. म्हणजे एक कप चहा. त्यातलं अर्धा कप गळलं तर इंजिनाचं अर्धं तेल गेलं. मोटारीचे चार थेंब गळले तर मोटार चालते, पण आपल्या मशीनला तेवढी मुभा नाही. चाकांच्या मोव्हरमध्ये सहसा अर्धा लिटर ते पाऊण लिटर तेल असतं, तिथं जरा जास्त वेळ मिळतो, एवढंच. तेल संपलं की आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि धरून बसतो. त्याला मेकॅनिक "इंजिन सीझ झालं" म्हणतात. मग दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, गटाची आहे. मशीन सामाईक असतं. आज हिच्या वाडीत, उद्या तिच्या. डाग दिसला की पहिला प्रश्न येतो, "शेवटी कोणी नेलं होतं?" आणि भांडण सुरू. गळती कुठून आहे हे कळलं, तर ती झाकणाच्या जुन्या रबराची आहे की दगडावर आपटल्याची आहे, हे सगळ्यांसमोर दिसतं. उगाच कोणावर बोट ठेवायची वेळ येत नाही.

तर आता कामाला लागू.

सुरुवात आपलं इंजिन कोणतं हे ओळखण्यापासून. मशीनला पेट्रोलच्या झाकणाशिवाय तेलाचं वेगळं झाकण आहे का? असेल तर ते फोर स्ट्रोक. नसेल आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालत असाल, तर ते टू स्ट्रोक. टू स्ट्रोकमध्ये तेलाचा वेगळा साठा नसतोच. त्यामुळे तिथं सायलेन्सरच्या तोंडाशी काळं चिकट पाणी आलं तर ते बहुतेक वेळा न जळलेलं तेल असतं. मिश्रणात तेल जास्त पडलं, हलक्या दर्जाचं तेल वापरलं किंवा मशीन सारखं मंद गतीवर चालवलं की असं होतं. मिश्रणाचं माप तुमच्या मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. २५ ला १ असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिलि तेल, ४० ला १ असेल तर २५ मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि. अंदाजानं बाटलीचं टोपण भरून घालू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं खुणांचं माप त्यासाठी वेगळं ठेवा.

टू स्ट्रोकची आणखी एक खूण. पेट्रोलची नळी नाहीतर दाबायचा रबरी फुगा चिरला, तर त्यातून मिश्रण झिरपतं. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. आपल्याला वाटतं इंजिनाचं तेल गळतंय. खरं तर नळी गेलेली असते. नळी बदलली की काम झालं.

त्यानंतर गळतंय ते नक्की काय आहे, हे बघायचं. बोटावर घ्या, वास घ्या. पातळ आहे, भपकन वास येतो आणि बोटावरून उडून जातं, ते पेट्रोल. तसं असेल तर मशीन सुरूच करू नका, आगीचं काम आहे. गुळगुळीत, तपकिरी-काळं आणि बोटावर राहणारं, ते इंजिनाचं तेल. लोण्यासारखं घट्ट आणि पात्याजवळच असेल, तर ते ग्रीस. ग्रास कटरच्या दांड्याच्या टोकाला, पात्याच्या वर छोटी गिअरची पेटी असते, तिच्यात ग्रीस असतं. जास्त भरलं की ते गरम होऊन बाहेर येतं. त्याचा इंजिनाशी संबंध नाही. ते पुसून काढा.

मग तेलाची पातळी बघायची. मशीन सपाट जागी ठेवा. आपल्याकडे अंगण उतरतं असतं, म्हणून ओट्यावर किंवा पाटावर ठेवा. इंजिन थंड असू द्या. मोव्हरला तेल मोजायची पट्टी असते. ती पुसा, आत घाला, बाहेर काढून बघा. काही मशीनमध्ये पट्टी नुसती टेकवून माप घ्यायचं असतं, काहींत फिरवून बसवायची असते. आपलं पुस्तक काय सांगतं ते एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या आणि मशीनवर रंगानं खूण करून ठेवा. ३५ सीसीच्या छोट्या इंजिनांना बहुधा पट्टी नसते. मशीन सपाट असताना झाकणाच्या तोंडाच्या काठापर्यंत तेल दिसलं की पुरे.

इथंच अर्धे डाग उलगडतात. कारण पुष्कळदा तेल कमी नसतं, जास्त असतं. "जास्त घातलं तर इंजिनाला बरंच" असं वाटतं, पण तसं नाही. जास्तीचं तेल आतल्या हवेबरोबर वर ढकललं जातं आणि एअर फिल्टरमध्ये येतं. फिल्टर तेलकट होतो, पांढरा-निळा धूर येतो, आणि तेल खाली टपकतं. अशा वेळी काही फुटलेलं नसतं. जास्तीचं तेल काढा, फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. स्पंजाचा असेल तरच धुवायचा, कागदाचा असेल तर बदलायचा.

आणि पातळी वाढलेली असेल, तेल पातळ झालं असेल, त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल आत उतरलंय. असं तेल चालवू नका. पूर्ण बदला, आणि कार्बोरेटर दाखवून घ्या.

मशीन आडवं पाडल्यानंही असंच होतं. पातं साफ करायला मोव्हर आपण कलंडवतो. तो नेहमी एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असा कलंडवायचा. उलट बाजूवर पाडला की तेल फिल्टरमध्ये, नाहीतर सिलिंडरमध्ये जातं. बागमांडल्याहून फेरीबोटीनं पलीकडे वेसवीला मशीन न्यायचं असेल, टेम्पोत घालायचं असेल, तेव्हाही हेच. आडवं टाकू नका, उभं बांधा. छोटी फोर स्ट्रोक इंजिनं काम करताना तिरकी चालतात, तशी ती बनवलेलीच असतात. पण ठेवताना आणि तेल मोजताना सरळ हवीत. मशीन आडवं पडल्यावर दोरी ओढली जात नसेल तर जोर लावू नका. आत तेल साठलेलं असतं. प्लग काढा, प्लगच्या भोकावर चिंधी धरा, तोंड बाजूला ठेवा आणि दोरी सावकाश दोन-चार वेळा ओढा. तेल बाहेर पडेल. प्लग पुसून बसवा. नंतर थोडा वेळ धूर येईल आणि थांबेल.

पातळी ठीक आहे, मशीन पडलेलं नाही, तरी डाग पडतोय? मग जागा शोधायची. ही आजची मुख्य गोष्ट.

आधी प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे चुकून मशीन सुरू व्हायचं नाही. इंजिन थंड झाल्यावर साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन ते बाहेरून स्वच्छ करा. पाण्याची जोराची धार मारू नका, पेट्रोलनं तर अजिबात धुवू नका. फडक्यानं कोरडं करा, तासभर उन्हात ठेवा. मग ज्या भागाचा संशय आहे त्यावर घामोळ्याची पावडर हलकी भुरभुरा. रांगोळी नको, तिची कच आत जाते. खाली वर्तमानपत्र पसरा. प्लगची टोपी बसवा, पाच-दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करा, थंड होऊ द्या. जिथं पावडर आधी ओली झाली, तिथून तेल येतंय.

एक लक्षात ठेवा. तेल खाली ओघळतं आणि इंजिनाचा पंखा ते मागे उडवतो. त्यामुळे सगळ्यात खालचा डाग फसवतो. छताची गळती जशी वासा धरून येते आणि भलत्याच ठिकाणी टपकते, तसंच हे. सगळ्यात वरची ओली जागा शोधा, खरी गळती तिथं.

आता जागेप्रमाणे बघू.

तेलाच्या झाकणाशी ओलं असेल तर झाकणाची रबरी रिंग बघा. कडक झाली, चपटी झाली, तिला चीर गेली, की तेल येतं. स्वस्तातली वस्तू आहे, जुनी रिंग दुकानात नेऊन त्याच मापाची आणा. तेल काढायच्या खालच्या बोल्टशी ओलं असेल तर त्याचा वायसर बघा.

इंजिनाच्या डोक्यावर, टॅपेट कव्हरच्या कडेनं ओलं असेल, तर तिथलं पॅकिंग. पॅकिंग म्हणजे दोन धातूच्या भागांमधला गळती अडवणारा पातळ थर. कुकरच्या झाकणाला रिंग असते ना, तोच प्रकार. आधी बोल्ट सैल झालेत का बघा, मशीन थरथरून ते सुटतात. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. जोर करू नका. इंजिनाची बॉडी अॅल्युमिनियमची असते, आटे लगेच जातात, आणि आटे गेले की छोट्या गळतीचं मोठं काम होतं. आवळूनही येत असेल तर पॅकिंग बदला. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लावू नका. जाडी चुकते आणि तेलात पुठ्ठा भिजतो.

झाकणाशी नवी रिंग घातली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, तरी सगळीकडूनच थोडं थोडं येतंय? तर ब्रीदरचा संशय घ्या. इंजिनाच्या पोटात दाब तयार होतो, तो सोडायला एक वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. कुकरची शिट्टी चोंदली तर वाफ कडेच्या रिंगमधून जोर करते, तसंच इथं होतं. ब्रीदर चोंदला की दाब चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. पॅकिंग बदलत बसण्याआधी ब्रीदरची नळी आणि झडप साफ करून घ्या.

मोव्हरच्या खाली, पात्याच्या दांड्याशी तेल असेल, तर तिथलं ऑईल सील गेलंय. सील म्हणजे फिरत्या दांड्याला घट्ट बसलेली रबरी कडी. तिला तीन गोष्टी मारतात. दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी, सुंभ, चिवट गवत. खाऱ्या हवेनं दांड्यावर चढलेला गंज, तो सीलची धार कापतो. आणि जांभ्या दगडावर पातं आपटून वाकलेला दांडा. दांडा वाकला असेल तर सील कितीही वेळा बदला, पुन्हा जाणारच. मशीन पूर्वीपेक्षा जास्त थरथरतंय का, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. ग्रास कटरमध्ये क्लचच्या बाजूचं सील गेलं तर तेल क्लचवर येतं, इंजिन ओरडतं पण पातं जोरात फिरत नाही.

बॉडीलाच चीर असेल तर घरी एम सील लावून भागवू नका. चालू हंगामात ते केव्हा सुटेल सांगता येत नाही.

आणि बाहेर कुठंच ओलं नाही, तरी तेल कमी होतंय, निळा धूर येतोय? मग ती गळती नाही. तेल आत जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ते काम मेकॅनिकचं.

आता घरी किती करायचं आणि बाहेर किती द्यायचं? पातळी, फिल्टर, झाकणाची रिंग, सैल बोल्ट, पेट्रोलची नळी, हे आपलं काम. नेमकं माहीत असेल आणि पाने असतील तर टॅपेट कव्हरचं पॅकिंगही. सील, दांडा, कार्बोरेटर, पिस्टन हे मेकॅनिकचं काम. पण मेकॅनिककडे नुसतं "तेल गळतंय" म्हणून जाऊ नका. "दादा, मशीन धुऊन, पावडर टाकून बघितलं, टॅपेट कव्हरच्या डाव्या कडेनं येतंय, पातळी बरोबर आहे," असं सांगा. समोरच्याचं बोलणं लगेच बदलतं. काढलेला जुना भाग मागून घ्या. श्रीवर्धनला जाऊन यायचं म्हणजे गाडीभाडं आणि एक रोज बुडतो, तो एकाच फेरीत वसूल व्हायला हवा.

थोडं जपणुकीचं. नव्या मशीनचं पहिलं तेल पाच ते दहा तासांत बदलायचं, कारण त्यात धातूचा बारीक चुरा येतो. नंतर साधारण ५० तासांनी, किंवा पुस्तकात असेल तसं. फोर स्ट्रोकला बहुतेक ठिकाणी १० डब्ल्यू ३० तेल सांगितलेलं असतं. काम झाल्यावर मशीन पुसून ठेवा. मळ आणि खारी हवा एकत्र आली की बोल्ट गंजतात. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा. काम करताना पदर, ओढणी खोचून घ्या, डोळ्याला चष्मा लावा. मशीनमध्ये पेट्रोल भरताना चूल, विडी, दिवा लांब.

आणि काढलेलं काळं तेल पाटाच्या पाण्यात, विहिरीजवळ, झाडाच्या आळ्यात ओतू नका. आपली विहीर आणि वाडी एकाच जमिनीवर आहेत, जे मुरतं ते आपल्याच घागरीत येतं. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलेलं आहे. डब्यात साठवा, झाकण लावा, गॅरेजला द्या.

शेवटचं, वहीचं. मशीनबरोबर एक वही फिरू द्या. कोणी नेलं, किती तास चालवलं, नेताना तेलाची पातळी काय, परत देताना काय, कुठं आपटलं का. पाच रकाने पुरतात. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्या. या वहीमुळे दोन गोष्टी होतात. गळती सुरू झाली तर ती पहिल्याच आठवड्यात कळते. आणि बैठकीत आवाज चढत नाही, वही पुढे ठेवली की झालं.

तर थोडक्यात. डाग दिसला की मशीन बंद. आपलं इंजिन टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, ते ओळखा. गळतंय ते पेट्रोल, तेल की ग्रीस, ते बघा. सपाट जागी पातळी मोजा, कमी तशी जास्तही वाईट. मशीन पडलं होतं का, विचारा. धुवा, वाळवा, पावडर टाका, चालवा, सगळ्यात वरची ओली जागा शोधा. ब्रीदर विसरू नका. बोल्ट हळू आवळा. मेकॅनिकला जागा दाखवून बोला. आणि वहीत लिहा.

तुमच्या गटात कोणते मशीन आहे, ते कुठं गळतं आणि कसं थांबवलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात पेट्रोल, कार्बोरेटर आणि सुरूच न होणारं मशीन यावर बोलू. पाऊस यायच्या आत एकदा मशीन उघड्यावर काढून बघाच. नमस्कार.